डोंगरवाटांसाठी वॉटरप्रूफ ट्रेकिंग शूज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनच्या पहिल्या सरी आल्या की "वॉटरप्रूफ शूज कुठले घेऊ?" हा प्रश्न हमखास येतो. आमच्या मते बुटात आधी सोल बघावा, मग माप, आणि मग पाणी. सह्याद्रीत पाय मोडतो तो घसरल्यामुळे, भिजल्यामुळे नव्हे. खालची उत्तरं मुख्यतः सह्याद्रीच्या कातळ-चिखलाला धरून आहेत. हिमालयाचं गणित वेगळं आहे, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

सह्याद्रीत पावसाळी ट्रेकसाठी वॉटरप्रूफ शूज घ्यावेत का?

बहुतेकांना गरज नाही. धो धो पावसात पाणी बुटाच्या कापडातून नाही, वरच्या तोंडातून शिरतं. पँट भिजते, पोटरीवरून ओघळ उतरतो, मोजा तो ओघळ शोषून थेट तळव्यापर्यंत नेतो. त्यात ओढा घोट्याच्या वर असला की विषय संपला. अंधारबनसारख्या वाटेवर असे ओढे एकामागून एक येतात. संधान दरीत तर पावसाळा सरल्यावरही गुडघा-मांडीभर थंड पाण्यातून जावं लागतं.

एकदा पाणी आत गेलं की खरी पंचाईत होते. जो पडदा बाहेरचं पाणी अडवतो, तोच आतलंही अडवून धरतो. दोन्ही पायांत एकेक तांब्या बांधल्यासारखी अवस्था होते: पचपच आवाज, वाढलेलं वजन, आत सरकणारा पाय आणि दुपारपर्यंत फोड. साध्या जाळीच्या बुटात पाणी तितक्याच सहज शिरतं, पण ओढा ओलांडून थोडं चाललं की बरंचसं निथळूनही जातं. म्हणून जुलै-ऑगस्टच्या एका दिवसाच्या ट्रेकसाठी चांगल्या रबरी सोलचे, पटकन निथळणारे बूट बरे.

मग वॉटरप्रूफ बूट नेमके कुठे उपयोगी पडतात?

जिथे ओल खालून आणि थोडी थोडी येते तिथे. बर्फ, दवाने भिजलेलं गवत, पाणथळ कुरण, रिमझिम पाऊस. हिमालयात केदारकंठाला हिवाळ्यात साडेबारा हजार फुटांवर बर्फात चालताना ओला मोजा म्हणजे नुसती गैरसोय नाही. बोटं बधिर होऊन हिमदंशापर्यंत वेळ जाऊ शकते. तिथे वॉटरप्रूफ बूट हवेतच. जुलै-ऑगस्टमध्ये व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाणाऱ्यांनाही ते कामी येतात, कारण तिथे तापमान खाली असतं आणि ओले पाय दिवसभर गार राहतात.

सह्याद्रीत ऑक्टोबर ते जानेवारीत पहाटे निघणाऱ्यांना दवाचा त्रास होतो. गुडघाभर गवतातून अर्धा तास चाललं की बूट ओढ्यातून काढल्यासारखे भिजतात. पण नऊ-दहाच्या उन्हात ते वाळतातही. तेवढ्यासाठी दुप्पट पैसे घालायचे की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

"वॉटरप्रूफ" आणि "वॉटर रेझिस्टंट" यात फरक काय?

वॉटर रेझिस्टंट म्हणजे वरच्या कापडावर किंवा चामड्यावर पाणी झटकणारा थर दिलेला असतो. थेंब टिकत नाहीत, पण पाऊस तासभर चालला की कापड भिजतं आणि मग मोजाही.

वॉटरप्रूफ बुटात कापड आणि अस्तर यांच्यामध्ये एक पातळ पडदा मोज्यासारखा शिवलेला असतो, आणि शिवणी टेपने बंद केलेल्या असतात. गोअरटेक्स हे त्यातलं सर्वांत माहितीचं नाव. इतर कंपन्यांचे स्वतःचे पडदेही असतात. या पडद्याची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते.

"जाऊ शकते" हे महत्त्वाचं. बुटाच्या आत ऊब आणि दमटपणा जास्त, बाहेर कमी, असा फरक असेल तरच वाफ बाहेर सरकते. हिमालयात थंड-कोरड्या हवेत हा फरक मोठा असतो. जुलैतल्या भीमाशंकरच्या जंगलात बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, त्यामुळे वाफ आतच राहते. "श्वास घेणारा बूट" तिथे दम धरून बसतो.

पाणी नेमकं किती उंचीपर्यंत अडतं?

बुटाच्या कॉलरपर्यंत नाही. लेस पूर्ण सैल करा आणि जीभ बाहेर ओढा. जिभेच्या दोन्ही कडांना घडी घातलेलं कापड शिवलेलं दिसेल. ते जिथे संपतं, तिथपर्यंतच बूट पाणी अडवतो. बऱ्याच बुटांत ही घडी कॉलरच्या तीन-चार सेंटीमीटर खालीच संपते. कमी उंचीच्या बुटात तर ती जेमतेम घोट्याखाली असते, आणि खड्ड्यात एक पाऊल चुकीचं पडलं की वॉटरप्रूफ या शब्दाला अर्थ उरत नाही. दुकानात हे तपासायला अर्धं मिनिट पुरतं, पण फारसं कुणी तपासत नाही.

सोल कसा असावा? ओल्या कातळावर कुठला सोल धरतो?

दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या: रबर कसलं आहे आणि दाते कसे आहेत. लोक दाते बघून बूट घेतात आणि कातळावर घसरतात, कारण ओल्या कातळावर पकड देतं ते रबर. दाते चिखलात आणि मातीत कामाला येतात.

रबर ओळखायची साधी रीत अशी: सोलच्या कडेला अंगठ्याचं नख जोरात दाबा. चांगलं रबर किंचित दबतं आणि पुन्हा वर येतं. नख नुसतं सरकलं, सोल चकचकीत दिसला आणि वाजवल्यावर प्लॅस्टिकसारखा टकटक आवाज आला, तर तो पीव्हीसी किंवा कडक टीपीयूचा, म्हणजे प्लॅस्टिकच्याच प्रकारांचा, सोल आहे. तो पुष्कळ टिकेल, पण पावसात घसरेल. धावण्याच्या काही बुटांचा सोल संपूर्ण फोमचा असतो आणि रबराचे नुसते तुकडे चिकटवलेले असतात. ते रस्त्याला ठीक. कातळाच्या कडेवर तो फोम टिकत नाही आणि पकडही देत नाही.

नरम रबर लवकर झिजतं, ही त्याची किंमत. एकच बूट ऑफिसला, डांबरी रस्त्यावर आणि ट्रेकला वापरलात, तर दोन पावसाळ्यांत दाते सपाट होतील. ट्रेकचे बूट ट्रेकलाच ठेवावेत.

दात्यांची खोली ४ ते ५ मिमी असावी आणि त्यांच्यात मोकळी जागा हवी. दाते दाटीवाटीने असले की मावळातली चिकट माती मध्ये भरते आणि दहा मिनिटांत सोल सपाट पाटासारखा होतो. टाचेखाली पुढच्या बाजूला एक स्पष्ट पायरी असावी. उतरताना टाच रोवली की तीच ब्रेकसारखी अडते. टाचेपासून चवड्यापर्यंत सलग सपाट सोल असेल तर चिखलाच्या उतारावर अडवायला काही राहत नाही.

व्हिब्रमचा पिवळा अष्टकोनी शिक्का बऱ्याच बुटांवर दिसतो. इटलीच्या विताले ब्रमानी यांचे सहा साथी १९३५ मध्ये आल्प्समध्ये दगावले. अपुऱ्या पादत्राणांचा त्यात वाटा होता. त्यानंतर त्यांनी रबरी दात्यांचा सोल तयार केला. कंपनीचं नाव त्यांच्याच नावातून आलं. मात्र व्हिब्रमची रबरं अनेक आहेत. काही टिकाऊपणासाठी कडक केलेली असतात, काही ओल्या दगडासाठी नरम. शिक्का बघून थांबू नका, नख दाबा.

चांगला सोल असूनही शेवाळावर घसरायला होतं. का?

कारण तेव्हा सोल दगडाला टेकलेलाच नसतो, शेवाळाला टेकलेला असतो. शेवाळ दगडावरून सुटतं आणि पाय त्याच्यासकट जातो. याला कुठल्याही कंपनीकडे उत्तर नाही.

उपाय नजरेत आहे. ओढ्यातला काळा, चकचकीत, गुळगुळीत दगड टाळा. राखाडी, खरबरीत, कोरडा दिसणारा दगड निवडा. दगडाच्या उतारावर पाय देण्यापेक्षा दोन दगडांच्या खोबणीत द्या. कोरीव पायऱ्यांवर मधला झिजलेला खळगा पाण्याने भरलेला असतो. तिथे आतल्या कोपऱ्यात, भिंतीच्या बाजूला पाऊल ठेवा. हरिहरसारख्या जवळपास उभ्या पायऱ्यांवर तर हाताच्या खोबणी बुटाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर चवड्याने नाही, तळव्याच्या मध्याने पायरी पकडा, म्हणजे टाचेची पायरी दांड्याला अडते.

पावसाळा संपल्यावर घसरण्याचं कारण बदलतं. डिसेंबरनंतरचं वाळलेलं आडवं गवत आणि मुरमाचा घसारा यावर उत्तम रबरही सरकतं. तिथे खोल दाते, आडवं पाऊल आणि हातातली काठी यांवर भिस्त ठेवावी.

घोट्यापर्यंतचे बूट घ्यावेत की बुटके?

घोट्यापर्यंतच्या बुटामुळे पाय मुरगळत नाही, हा समज अर्धवट आहे. मऊ कापडाची कॉलर घोटा वळण्यापासून रोखू शकत नाही. तो रोखतात पायाचे स्नायू आणि बुटाचा कडक तळ. उंच कॉलरचे फायदे वेगळे आहेत: खडे आत येत नाहीत, कारवीच्या खुंटांनी आणि काट्यांनी घोटा सोलवटत नाही, आणि पाणी दोन बोटं जास्त वर अडतं.

पाठीवर १० किलोच्या आत ओझं आणि एका दिवसाचा ट्रेक असेल, तर बुटके बूट पुरतात. रॉक पॅचवर घोटा मोकळा असल्यामुळे पाऊल नीट रोवता येतं. तंबू-शिध्यासह १२ ते १५ किलो घेऊन तीन-चार दिवस चालायचं असेल, किंवा बर्फात जायचं असेल, तर घोट्यापर्यंतचे घ्या. पूर्वी घोटा दुखावलेला असेल तरीही तेच बरे, पण सोबत घोट्याचे व्यायाम हवेत.

माप कसं घ्यावं? नेहमीच्या नंबरचे चालतील का?

नेहमीचा नंबर विसरा. कागदावर उभं राहून टाच आणि सर्वांत लांब बोट यांच्यावर खुणा करा आणि अंतर सेंटीमीटरमध्ये मोजा. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असेल तर तेच धरा. दोन्ही पाय मोजा. थोडा फरक बहुतेकांना असतो, माप मोठ्या पायाचं घ्यायचं. मग कंपनीच्या तक्त्यात सेंटीमीटर बघा, कारण एका कंपनीचा ८ नंबर दुसरीच्या साडेसातसारखा असू शकतो.

बूट संध्याकाळी बघायला जा, दिवसभरात पाय सुजलेला असतो आणि ट्रेकवरही तो सुजणारच. ट्रेकचे मोजे घालून जा. लेस न बांधता पाय पुढे टेकेपर्यंत सरकवा. टाचेमागे एक बोट सहज जायला हवं. मग टाच मागे ठोकून लेस बांधा. आता बोटांपुढे १ ते दीड सेंटीमीटर जागा राहते.

यानंतर जिना. दुकानात जिना नसेल तर बाहेरचा उतार शोधा. दहा पायऱ्या जोरात उतरा: बोटं पुढे आपटली तर बूट लहान आहे किंवा पायाच्या वरच्या भागावर सैल आहे. चढताना टाच अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त उचलली जात असेल तर फोड नक्की. चवड्याच्या रुंदीला बूट आवळत असेल, तर "वापरून सैल होईल" या दुकानदाराच्या वाक्यावर जाऊ नका. चामडं थोडं सैल पडतं. पडदा असलेला सिंथेटिक बूट जवळजवळ नाहीच.

बायकांच्या मॉडेलमध्ये टाचेची जागा सहसा अरुंद असते. ज्या मुलींचा चवडा रुंद आहे त्यांनी पुरुषांचं मॉडेल घालून बघावं, उलटही चालतं.

दुकानात आणखी काय तपासायचं?

बूट दोन्ही हातांत धरून टोक वर वाकवा. तो चवड्याच्या ठिकाणी वाकला पाहिजे. मध्यभागी, कमानीखाली दुमडला तर टोकदार दगडांवर तळवा दुखेल. मग ओला टॉवेल पिळतात तसा पिळून बघा. थोडा विरोध जाणवला पाहिजे. मायक्रोस्पाइक (बुटावर चढवायची, रबराच्या पट्ट्याला जोडलेली टोकदार साखळी) लावून बर्फावर जायचं असेल तर बूट याहून कडक हवा, नाहीतर साखळीचा रबर मऊ अपरवर, म्हणजे बुटाच्या सोलवरच्या भागावर, काचतो आणि बोटं गार पडतात.

अंगठ्यापुढे रबराची टोपी हवी. सोल आणि अपर यांच्या सांध्यावरून बोट फिरवा: डिंकाचे फुगे, फट, सुटलेली कड दिसली तर दुसरी जोडी मागा. इनसोल, म्हणजे सुखतळा, बाहेर निघतो का बघा. चिकटवलेला असेल तर बूट लवकर वाळणार नाही.

किती खर्च करावा?

सह्याद्रीसाठी खूप नाही. ॲक्शनचे ट्रेकिंग शूज वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या ट्रेकर्सच्या पायात दिसतात. ते स्वस्त आहेत आणि ओल्या कातळावरच्या पकडीसाठी लोक त्यांचं नाव घेतात. रूप सोडून द्या. हिमालयासाठी पडद्याचे, घोट्यापर्यंतचे बूट घेताना मात्र हात थोडा सैल सोडावा लागतो. एकदाच जाणार असाल तर काही बेस कॅम्पवर भाड्याने मिळतात, पण माप आणि सोल निघण्याआधी तपासा. दुसऱ्याच्या पायाला सरावलेला बूट आठ दिवस घालणं सुखाचं नसतं.

गमबूट, सँडल किंवा हंटर बूट चालतील?

गमबूट वावरात ठीक. चढावर टाच उचलली जाते, आत घाम साठतो, आणि पाणी वरून शिरलं तर काढून ओतावंच लागतं. चादर ट्रेकला मात्र झांस्करच्या गोठलेल्या नदीवर गमबूटच वापरतात. तिथे पाणी बर्फावर पसरतं आणि ते घोट्याच्या वर अडवायचं असतं.

पट्ट्यांच्या सँडल ओढ्याला उत्तम, वाटेवर नाही: बोटं उघडी, खडे आत, आणि ओल्या तळव्यावर पाय आतल्या आत घसरतो. कॅनव्हासचे हंटर बूट स्वस्त आणि लवकर निथळणारे असतात. सुखतळा मात्र फारच पातळ असतो, वेगळा घालावा.

गावातले वाटाडे चपलेवर चढतात, हे खरं. त्यांचे पाय लहानपणापासून त्या वाटेवर तयार झालेले असतात.

नवे बूट थेट ट्रेकला घातले तर?

फोड येतील, तेही घरापासून सर्वांत लांब असताना. आधी किमान २५ ते ३० किलोमीटर चाला, त्यातला निम्मा भाग चढउतारावर. पुणेकरांनी पर्वतीच्या १०३ पायऱ्या दहा-बारा वेळा चढाव्या-उतराव्यात, मग एकदा सिंहगड करावा. मुंबईकरांनी इमारतीचा जिना पाठीवर सॅक घेऊन करावा. कुठे घासतं हे याच काळात कळतं. तिथे ट्रेकच्या दिवशी फोड यायच्या आधीच मायक्रोपोर टेप लावायची.

उतरताना अंगठ्याचं नख काळंनिळं पडतं. काय करावं?

नखं ट्रेकच्या दोन दिवस आधी सरळ कापा, अगदी मुळाशी नको. आणि उतरण सुरू व्हायच्या आधी लेस नव्याने बांधा. वर चढताना लेस सैल झालेली असते, आणि तशाच बुटाने तासभर उतरलं की नख आपटतच राहतं.

पद्धत अशी. पायाच्या वरच्या वळणापाशी लेसची पहिली गाठ मारताना एकदाऐवजी दोनदा पीळ द्या आणि ताणा. ही गाठ सरकत नाही, खालचा ताण तिथेच थांबतो. मग सर्वांत वरच्या दोन भोकांत लेस समोर न नेता त्याच बाजूला वर ओवा, म्हणजे दोन्ही बाजूंना छोटे फास तयार होतात. उजवी लेस डाव्या फासातून, डावी उजव्यातून घ्या. खाली ओढा, मग नेहमीची गाठ. टाच मागच्या बाजूला बसते आणि बोटांना पुढे आपटायला जागाच राहत नाही. तेवढं करूनही आपटत असेल तर बूट लहान आहे.

बूट गळतोय की आत घाम साठलाय, हे कसं ओळखायचं?

मोजा काढून बघा. सगळा मोजा सारखाच दमट असेल तर घाम आहे. एकाच ठिकाणी, बहुधा चवड्याच्या घडीपाशी किंवा करंगळीच्या बाजूला, ओला डाग असेल तर पडदा तिथे फाटला आहे. बूट रोज वाकतो ती जागा आधी जाते. टाचेपाशी अस्तर झिजून भोक पडलं असेल तर पडदाही गेला असं समजा.

घरी तपासायचं असेल तर सुखतळा काढा, आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद सपाट बसवा आणि बादलीत जिभेच्या घडीपेक्षा खाली येईल इतकं पाणी घेऊन बूट त्यात १५ मिनिटं दाबून धरा. मधून मधून चवडा वाकवा, कारण सरळ ठेवलेल्या बुटात चीर मिटलेली राहते. कागद कुठे भिजला ते बघा. फाटलेला पडदा दुरुस्त होत नाही. तो बूट सह्याद्रीला वापरा, तिथे तसंही चालतं.

आधी बुटावर पाणी ठरत नव्हतं, आता कापड भिजतं. वॉटरप्रूफपणा गेला का?

पडदा शाबूत असू शकतो. बाहेरचा पाणी झटकणारा थर गेला आहे. चिखल, घाम आणि घासणं यामुळे तो जातोच. पण तो दुर्लक्षित ठेवू नका: बाहेरचं कापड भिजून जड झालं की आतली वाफ बाहेर जाणं थांबतं आणि बूट गळतोय असं वाटतं.

आधी बूट कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने धुवा. साबणाची पावडर नको. तिचे अंश राहिले तर पाणी उलट शोषलं जातं. बूट ओलसर असतानाच पाणी झटकणारा स्प्रे मारा, बहुतेक स्प्रेंच्या डब्यावर तेच लिहिलेलं असतं. हंगामात दोनदा पुरे. चामड्याच्या बुटाला खोबरेल तेल लावायचा घरगुती उपाय टाळा. तेलाने चामडं फार मऊ पडतं, आकार जातो आणि माती चिकटते. त्यासाठीचं मेण मिळतं, ते बोटाने पातळ लावा.

मोजे कसले? पायांना चिखल्या होऊ नयेत म्हणून काय करावं?

सुती मोजे नकोत. पाणी धरून ठेवतात, गोळा होतात आणि फोड आणतात. लोकर किंवा सिंथेटिक मोजे घ्या, मध्यम जाड. एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून सॅकच्या मध्यभागी ठेवा आणि तो झोपण्यासाठीच राखून ठेवा, कितीही मोह झाला तरी.

दिवसभर ओल्यात राहिलेला तळवा पांढरा पडून सुरकुततो, कातडी मऊ होते आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. सकाळी तळव्याला आणि बेचक्यांत व्हॅसलीन चोळलं तर कातडी कमी फुगते. जेवणाच्या थांब्याला बूट काढा, मोजे पिळा, पाय दहा मिनिटं उघडे ठेवा. मुक्कामी पाय कोरडे पुसून बेचक्यांत बुरशीरोधक पावडर. मधुमेह असेल तर पायांची तपासणी रोज, बारकाईने. ओल्या पायावरची छोटी जखम कळत नाही.

जळवांसाठी बूट कुठलाही असो, त्या जिभेच्या फटीतून आणि कॉलरवरून शिरतात. पँट मोज्यात खोचा, मोज्याच्या वरच्या कडेला मीठ किंवा तंबाखू चोळा.

ओढा पार करताना बूट काढावेत का?

सह्याद्रीत नाही. तळाचे दगड निसरडे आणि धारदार असतात. अनवाणी पाय कापला की उरलेली वाट जड जाते. सुखतळे आणि मोजे काढून नुसते बूट घालून उतरता येतं, म्हणजे पलीकडे गेल्यावर निदान मोजे कोरडे. सॅकचा कमरेचा पट्टा सोडा. पाणी गढूळ, वेगाने आणि गुडघ्याच्या वर असेल तर थांबा. डोंगरातला ओढा पाऊस थांबला की बऱ्याचदा दोन-तीन तासांत उतरतो.

हिमालयात उलट. हमटा पाससारख्या ट्रेकवर बर्फाच्या वितळत्या पाण्यातून जाताना वॉटरप्रूफ बूट कोरडे ठेवणं जास्त महत्त्वाचं असतं. ते गळ्यात बांधा आणि पट्ट्यांच्या सँडल घाला.

भिजलेले बूट कसे वाळवायचे?

लेस पूर्ण सोडा, सुखतळा काढून वेगळा ठेवा, चिखल साध्या पाण्याने धुवा. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पहिल्या तीन-चार तासांत दोनदा बदला. मग पंख्याखाली, तोंड वाऱ्याच्या दिशेने. जाळीचे बूट एका रात्रीत बऱ्यापैकी वाळतात, पडद्याच्या बुटांना पावसाळ्यात दोन दिवस लागू शकतात.

चूल, शेकोटी, हीटर, गाडीची तापलेली डिकी, कडक ऊन यांपासून लांब. सोल चिकटवणारा डिंक उष्णतेने सुटतो. शेकोटीपाशी वाळत ठेवलेला बूट सकाळी कोरडा दिसतो आणि दुपारी सोल जिभेसारखा लोंबायला लागतो. वास राहिला तर खायचा सोडा रात्रभर आत टाकून सकाळी झटका.

बूट फक्त चार-पाच वेळा वापरले, कपाटात होते, तरी सोलचे तुकडे पडले. खराब माल होता का?

तसंच असेल असं नाही. बऱ्याच बुटांत रबरी सोल आणि अपर यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतल्या दमटपणाने त्याची रासायनिक वीण सुटत जाते, बूट वापरा किंवा नका वापरू. पाच ते दहा वर्षांत तो भुसभुशीत होतो. मुंबई-कोकणच्या हवेत लवकरही. डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवलेले बूट आणखी लवकर जातात. मोठ्या ट्रेकच्या महिनाभर आधी जुने बूट बाहेर काढा, मधल्या थरावर नख दाबा. भेगा, चिकटपणा किंवा भुगा दिसला तर ते बूट न्यायचे नाहीत. ईव्हीए फोमचा थर असा विरघळत नाही, पण दबून कडक होतो.

वाटेत सोल निघाला तर?

टोकाकडून निघाला असेल तर आधी माती पुसा आणि सोल जागेवर दाबा. नायलॉनची दोरी किंवा जादा लेस सोलच्या दात्यांमधल्या खाचेतून, म्हणजे दगडावर घासली जाणार नाही अशी घ्या, वर आणून बुटाच्या लेसच्या भोकांतून ओवा आणि आवळा. दोन ठिकाणी बांधा: चवड्यापाशी आणि कमानीपाशी. वरून चिकटपट्टी गुंडाळली तर चालेल, पण नुसती पट्टी ओल्यात अर्धा तासही टिकत नाही. दर तासाला गाठ बघा. म्हणूनच सॅकमध्ये दोन मीटर ३ मिमीची दोरी कायम असावी.

घरी आल्यावर चप्पल दुरुस्तीवाल्याकडून नुसतं पेस्टिंग करू नका, कडेने शिलाईही मारून घ्या. नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा निघेल. बूट पडद्याचा असेल तर मात्र शिलाईची सुई पडद्याला भोकं पाडते आणि बूट वॉटरप्रूफ राहत नाही. अशा बुटाला आतून-बाहेरून घासून, कोरडा करून चांगल्या डिंकाने चिकटवायला सांगा आणि दाबाखाली पूर्ण २४ तास ठेवायला लावा. "दोन तासांनी या, घेऊन जा" म्हणणाऱ्याकडे तो बूट देऊ नये.